चार जबड्यांचा चक लगेच घ्यावा का?

सांगलीच्या वखारीतून बाभळीचा ओंडका आणलाय, लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडगा करायचाय, तर चार जबड्यांचा चक (लाकूड जबड्यांत घट्ट धरणारी पकड) लगेच घ्यावा का, असं विचारलंय. माझं मत, सुरुवातीला नको. लेथबरोबर आलेली फेसप्लेट (लाकडाला स्क्रूने बसवायची धातूची तबकडी) आणि दोन सेंटर (लाकूड दोन्ही टोकांना धरणारे टोकदार भाग) पुरतात. लाटणं, रवीचा दांडा, पटाशीची मूठ सेंटरांमध्येच करा, हात तिथे बसतो.

फेसप्लेटचे स्क्रू लाकडात निदान 20 मिमी जाऊ द्या, तेही लाकडाच्या रेषांना आडवे. ओंडक्याच्या कापलेल्या टोकात पकड कमी मिळते. जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू अजिबात नकोत. ठिसूळ असतात, डोकं तुटतं.

पुढे चक घेतलात तर चकात धरायला वाडग्याच्या बुडाशी ठेवलेला लाकडाचा खुंट चकाच्या तळाला टेकता कामा नये. टेकला की खांदा, म्हणजे खुंटाभोवतीची सपाट कड, जबड्यांवर नीट बसत नाही, मग हत्याराची धार जरा अडकली की वाडगा थरथरतो आणि सुटून उडतो. जबडे 10 मिमी खोल असतील तर खुंट 7-8 मिमीचाच ठेवा.

वाचलेल्या पैशांत आधी पूर्ण चेहरा झाकणारं फेस शील्ड घ्या, मग हत्यारांना धार लावायला बेंच ग्राइंडर. बाभूळ बोथट हत्याराला दाद देत नाही.