‘लक्षणपूर्व’ की ‘पूर्वरूप’?

प्रश्न : अल्झायमरवरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय. त्यात एक अवस्था येते. मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साठू लागलंय, पेट स्कॅनमध्ये दिसतंय, पण माणूस ठणठणीत. बँकेचा हिशेब चोख, नातवंडांचे वाढदिवस तोंडपाठ. याला मी ‘पूर्वरूप’ म्हटलं होतं. मजकूर तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्यावर काट मारून ‘लक्षणपूर्व’ केलं. मला आपला ‘पूर्वरूप’च गोड वाटतो. काय चुकलं?

प्रतिसाद : डॉक्टरांचं बरोबर आहे. निदान, पूर्वरूप, रूप, उपशय, संप्राप्ती हे आयुर्वेदातलं निदानपंचक, म्हणजे रोग ओळखण्याची पाच साधनं. तापाआधी जांभया येतात, अंग मोडून येतं, ते पूर्वरूप. म्हणजे काहीतरी जाणवतंय. तुमच्या माणसाला कशाचाच पत्ता नाही. सुश्रुताने सहा क्रियाकाल, म्हणजे रोग वाढत जाण्याच्या पायऱ्या, सांगितलेत: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद. पूर्वरूप येतं चौथ्यात. पण म्हणून ‘संचय’ उचलू नका. तो वात-पित्त-कफ या दोषांचा, आणि त्याचीसुद्धा लक्षणं सुश्रुताने दिलीच आहेत.

प्रतिसाद : मग ‘चाहूल’? ऐकायला किती छान.

प्रश्नकर्ती : चाहूल घरातल्याला लागते हो. इथे घरमालक गाढ झोपलाय आणि चाहूल शेजाऱ्याच्या यंत्राला!

प्रतिसाद : ‘लक्षणपूर्व’ रुक्ष आहे, पण खरा आहे. कोलंबियातल्या अंतियोकिया प्रांतातली कुटुंबं बघा. प्रेसेनिलिन-१ या जनुकातला एक बदल तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी त्या घरांचा अनेक दशकं पाठपुरावा केला. ज्यांच्यात तो बदल आहे त्यांचं विसरणं साधारण 44व्या वर्षी सुरू होतं, स्कॅनमध्ये अमायलॉइड मात्र सरासरी 28व्या वर्षीच वाढू लागलेलं असतं. ही मधली सोळा वर्षं म्हणजे तुमची ‘लक्षणपूर्व’. तिथले लोक या आजाराला ‘ला बोबेरा’ म्हणतात, खुळेपणा अशा अर्थाने. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ म्हणाले असते, पण पंचेचाळिशीतल्याला म्हातारा कसं म्हणणार?

प्रतिसाद : ‘स्मृतिभ्रंश’सुद्धा जपून वापरा. तो डिमेन्शियासाठी रूढ आहे. अल्झायमर हे त्याचं एक कारण. लक्षणपूर्व अवस्थेत स्मृतीचा भ्रंश झालेलाच नसतो, तेव्हा ‘लक्षणपूर्व स्मृतिभ्रंश’ म्हणजे कोरडा चिखल. ‘लक्षणपूर्व अल्झायमर’ लिहा.

प्रतिसाद : त्यावरही तज्ज्ञांचं एकमत नाहीच. अमेरिकेतल्या अल्झायमर्स असोसिएशनच्या 2024च्या निकषांनुसार मेंदूतला ठरावीक बदल तपासणीत सापडला की रोग आहे, लक्षणं असोत-नसोत. उलट अल्झायमरच्या तज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय कार्यगट म्हणतो, लक्षणं नाहीत तर त्या माणसाला ‘धोका आहे’ एवढंच म्हणा, कारण अशा अनेकांना हयातभर काहीच होत नाही. माझं मत विचाराल तर दुसऱ्या बाजूला. ‘तुम्हाला अल्झायमर आहे’ ऐकून घरी आलेला माणूस चष्मा सापडेना झाला तरी धसका घेईल. आणि चष्मा कोणाचा हरवत नाही?

प्रश्नकर्ती : पटलं. ‘लक्षणपूर्व अवस्था’ ठेवते. आणि त्या भागात जिथे जिथे ‘रुग्ण’ होतं तिथे आता ‘व्यक्ती’ केलंय.

प्रतिसाद : अहो, सुश्रुताच्या लेखी ‘व्यक्ती’ म्हणजे रोग उघड झाल्याची पायरी! सरळ ‘माणूस’ लिहा.