प्रवेश-मुलाखतीची तयारी : आपले अनुभव

विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मुलाखतीचे बोलावणे आले की पहिला प्रश्न पडतो तो नेमकी तयारी कशाची करायची हा, कारण लेखी परीक्षेला असतो तसा आखून दिलेला अभ्यासक्रम मुलाखतीला नसतो. ज्यांनी ही वाट चालून पाहिली आहे त्यांनी आपण काय केले आणि त्यातले काय उपयोगी पडले हे सविस्तर लिहावे, ही विनंती. वेगवेगळ्या जणांकडून आलेले अनुभव विषयवार खाली दिले आहेत.

गणित, पदवी प्रवेश
ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे मुलाखत घेणारे बहुधा पुढे तुम्हाला शिकवणारेच अध्यापक असतात, त्यामुळे ती मुलाखत एखाद्या तासिकेसारखी चालते. मला साइन क्ष भागिले क्ष या फलाचा (फंक्शनचा) आलेख काढायला सांगितले होते. क्ष शून्याकडे गेला की किंमत १ कडे जाते हे मला पाठ होते, परंतु त्यांना हवे होते ते त्यामागचे कारण, आणि त्यानंतर आलेख उभ्या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखा का दिसतो, लाटांची उंची कोणत्या वक्राच्या आत राहते, असे एकातून एक प्रश्न निघत गेले. मी तयारी केली ती नेमकी याचीच: मैत्रिणीने अनोळखी फल द्यायचे आणि मी कागदावर रेघ ओढताना मनात येणारा प्रत्येक विचार मोठ्याने बोलायचा. सुरुवातीला हे फार अवघड जाते, कारण उत्तर सापडेपर्यंत गप्प बसण्याचीच आपल्याला सवय असते. परीक्षकांनी दिलेली सूचना ऐकून आपली दिशा बदलता येणे हेही तिथे पाहिले जाते, म्हणून मैत्रिणीला मी मुद्दाम मध्येच अडवायला सांगत असे.

वैद्यकीय
अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आता एकच लांब मुलाखत न घेता छोट्या मुलाखतींची मालिका घेतात. ही पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात विकसित झाली. दाराबाहेर लावलेला प्रसंग वाचायला साधारण २ मिनिटे आणि आत बोलायला सुमारे ८ मिनिटे मिळतात, आणि प्रत्येक खोलीत परीक्षक नवा असतो. या रचनेचा मोठा दिलासा असा की एक खोली बिघडली तरी पुढच्या परीक्षकाला त्याची कल्पना नसते. मी घड्याळ लावून सराव केला. सहकाऱ्याच्या तोंडाला दारूचा वास येतो आहे, अशा प्रसंगात लगेच निवाडा न देता आधी रुग्णाची सुरक्षितता, मग माहितीची खातरजमा, मग वरिष्ठांना कळवणे, या क्रमाने विचार मांडण्याची सवय लावली. प्रसंगांची पाठ केलेली उत्तरे मात्र मी टाळली, कारण एक तपशील बदलला की ती निरुपयोगी ठरतात.

इतिहास, पदव्युत्तर
अर्जासोबतच्या निवेदनात लिहिलेले प्रत्येक वाक्य हा संभाव्य प्रश्न समजावा. मी नाव घेतलेले प्रत्येक पुस्तक पुन्हा वाचले आणि लेखकाशी आपले कुठे पटत नाही हे लिहून काढले. मुलाखतीचा बहुतेक वेळ त्या मतभेदांवरच गेला.

पीएच. डी.
संशोधन-प्रस्तावावर सर्वांत कठीण प्रश्न असतो तो हा: अपेक्षित माहिती हाती आली नाही तर काय कराल? पर्यायी मार्ग आधीच आखून ठेवावा आणि आपल्या पदव्युत्तर प्रबंधाच्या मर्यादा स्वतःहून सांगता याव्यात. परीक्षकांचे अलीकडचे लेख वाचावेत, पण ते त्यांना ऐकवण्यासाठी नव्हे, तर त्यांचा प्रश्न कोणत्या बाजूने येतो आहे हे ओळखता यावे म्हणून.

ऑनलाइन मुलाखत
लिहिण्याचा फलक, टॅब्लेट आणि कॅमेऱ्याचा कोन आधी तपासावा. माझ्या सरावात असे आढळले की कागद पाहताना माझा आवाज पडतो आणि पलीकडच्याला निम्मे वाक्य ऐकूच जात नाही. ध्वनिमुद्रण ऐकल्यावरच हे लक्षात आले आणि मग मायक्रोफोनची जागा बदलली.