माद्रिदहून एका दिवसात: टोलेडो की सेगोव्हिया?

रानजाई
नमस्कार मंडळी. मे महिन्यात स्पेनला जातोय. माद्रिदमध्ये चार रात्री आहेत, त्यातला सोमवार बाहेरगावासाठी मोकळा ठेवलाय. टोलेडो की सेगोव्हिया, यावरून घरात दोन तट पडलेत. सोबत आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक. आईचे गुडघे दुखतात, ती शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. बाबांना इतिहासाचं वेड. टूरवाल्यांच्या बसने जायचं नाहीये. जाऊन आलेल्यांनी लिहा प्लीज.

तिरकस_तीर
सेगोव्हिया. रोमन लोकांनी चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून बांधलेला २८ मीटर उंचीचा जलसेतू अजून ताठ उभा आहे. तो बघून बाबा गप्प होतील. टोलेडो म्हणजे चढ, दुकानं आणि पुन्हा चढ.

कोपऱ्यातली_खिडकी
तिरकसराव, सेगोव्हियाचं वेगवान गाडीचं स्टेशन गावाबाहेर आहे, तिथून परत बस पकडावी लागते, हे सांगायचं राहिलं की! इतिहासवेडे बाबा असतील तर माझं मत टोलेडोला.

पण रानजाई, सोमवारी जाऊ नका. १४व्या शतकातलं एल त्रान्सितो सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (आता तिथे सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंचं संग्रहालय आहे) आणि चित्रकार एल ग्रेकोचं संग्रहालय, दोन्ही सोमवारी बंद. माद्रिदचं प्राडो कलासंग्रहालय सोमवारीही उघडं असतं, तेव्हा दिवसांची अदलाबदल करा. रविवारही टाळा, कॅथेड्रल सकाळी प्रार्थनेसाठी असतं.

गाडी आतोचा स्टेशनातून, साधारण अर्ध्या तासात पोचते. तिकिटावर सीट नंबर असतो आणि जागा भरतात, म्हणून जायचं-यायचं दोन्ही आधी काढा. सामान तपासणीची रांग असते, अर्धा तास हाताशी ठेवा. टोलेडोचं स्टेशनच बघण्यासारखं आहे, रंगीत काचा आणि कोरीव लाकडाचं.

आता गुडघे. गाव टेकडीवर, तीन बाजूंनी ताखो नदीचा वळसा. पायी चढायचंच नाही. स्टेशनवरून टॅक्सी करून थेट कॅथेड्रलपाशी उतरा. तिथून रमतगमत पश्चिमेला, ज्यू वस्तीकडे उतरत जा आणि परतीला पुन्हा टॅक्सी. रेकारेदो रस्त्याच्या बाजूने फुकटचे सरकते जिने आहेत, पण वर पोचल्यावरही गल्ल्यांत चढ-उतार आणि गोटे आहेतच. आईंना बूट घालायला लावा, सँडल नको.

जुना_नकाशा
कोपऱ्यातली_खिडकी यांना अनुमोदन. कॅथेड्रलला किमान दोन तास द्या. बांधकाम १२२६ ते १४९३. मुख्य वेदीच्या मागे 'त्रान्स्परेन्ते' आहे: उजेड पडावा म्हणून १८व्या शतकात चक्क छताची कमान फोडून खिडकी केली. लेकीला मान वर करून लाल टोप्या शोधायला सांगा. ज्या कार्डिनलचं (वरिष्ठ धर्मगुरूचं) थडगं, त्याची टोपी वर टांगलेली.

सांतो तोमे चर्चमध्ये एल ग्रेकोचं काउंट ऑर्गाथच्या दफनाचं चित्र आहे. ज्या चर्चसाठी काढलं तिथेच आजही. त्यात पुढे उभा असलेला लहान मुलगा म्हणजे चित्रकाराचाच पोरगा, आणि त्याच्या खिशातल्या रुमालावर त्याचं जन्मसाल, १५७८. हाही खेळ लेकीसाठी.

बाबांसाठी: क्रिस्तो दे ला लुथ ही इ.स. ९९९ ची मशीद. आपल्या दिवाणखान्यापेक्षा थोडीच मोठी, पण छताला नऊ घुमट आणि नऊही वेगळे. १०६८ साली याच शहरात साईद अल-अंदलुसी नावाच्या काझीने विद्या जोपासणाऱ्या राष्ट्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात पहिला मान भारताला दिला. पुढे १२व्या शतकात इथेच अरबी ग्रंथांची लॅटिनमध्ये भाषांतरं झाली. बाबांना हे आधी सांगू नका, तिथे गेल्यावर सांगा.

मनगटी पट्ट्याचं एक तिकीट मिळतं, त्यात सांतो तोमे, ही मशीद, सांता मारिया ला ब्लांका हे जुनं सिनेगॉग वगैरे येतात. कॅथेड्रल आणि त्रान्सितो त्यात नाहीत, त्यांची वेगळी काढा.

रानजाई
_/\_ किती ती माहिती! मंगळवार करते. जेवणाचं?

पोटोबा_आधी
इथे खरी परीक्षा. 'कार्ने (मांस) नाही' म्हटलं की हॅमचे तुकडे किंवा ट्यूना घालून आणतात, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. एकेक नाव घेऊन सांगा: सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो (मांस, हॅम, मासे, अंडं यांशिवाय). पिस्तो मांचेगो मागवा, वांगं-ढोबळी-टोमॅटोची शिजवलेली भाजी. वरचं अंडं नको म्हणायला विसरू नका. मांचेगो चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं, आई कडक असतील तर तेही नको. आणि दुपारचं जेवण दोनच्या आसपास सुरू होतं, तोवर पर्समध्ये खाकरे हवेतच.

माथापान ही इथली मिठाई मात्र सोडू नका. बदाम आणि साखर, बस्स. काहींवर अंड्याचा हात फिरवलेला असतो, विचारून घ्या.

पणजीकर
अवांतर: आमच्याकडे गोव्यात नाताळला काजूचं मार्झिपान करतात, त्याचंच हे बदामी चुलत भावंड. माझं मत? आमचंच बरं. पण मी निःपक्षपाती नाही.

रानजाई
जाऊन आलो! आईने कॅथेड्रलमध्ये बाकावर बसून तासभर काढला, म्हणाली, मला इथेच ठेवा. रुमालावरचं साल लेकीला दिसेना, शेवटी फोनवर मोठं करून दाखवलं. बाबा मशिदीत एकेक घुमट मोजत उभे, मागचे लोक ताटकळले. एका ठिकाणी चारही 'सिन' म्हणूनसुद्धा सॅलडवर ट्यूना आलाच, मग खाकरे.

संध्याकाळी टॅक्सीने नदीपलीकडे मिरादोर देल व्हायेला गेलो. तिथून अख्खं गाव एका नजरेत दिसतं. हे कुणीच कसं लिहिलं नाहीत?

तिरकस_तीर
टोलेडोची प्रसिद्ध तलवार आणली का?

रानजाई
लेकीने पत्रं फोडायची छोटी तलवार घेतली. चेक-इन सामानातून आली. आता पत्रं येण्याची वाट बघतेय.