थंड पाण्यासाठी वेटसूट: ५ मिमी की ७ मिमी?

प्रश्न (तळकरी): पाणी वर १६ अंश, तळाशी १२-१३. भाल्याने मासेमारी ८ ते १२ मीटरवर, सलग अडीच-तीन तास. अधूनमधून दोरीवर २० मीटरपर्यंत फ्रीडायव्हिंग (श्वास रोखून बुडी). एकच वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घ्यायचा आहे, ५ मिमी जाडीचा की ७? ७ मिमीत छाती आवळते म्हणतात, ते खरं का?

खोलपाणी: हिशोब तळाच्या तापमानाचा धरा. मासेमारीत तुम्ही तळाशी निश्चल पडून राहता, वर येऊनही हालचाल कमीच. एकदा कुडकुडायला लागलात की ऑक्सिजन त्यातच जळतो आणि श्वास टिकत नाही. जाकीट ७ मिमी, पँट ५ मिमी घ्या. जाकीट आतून ओपन सेल (अस्तर नसलेलं, कातडीला चिकटणारं उघडं रबर), हूड म्हणजे डोक्याची टोपी जोडलेलं, चेन नको.

छाती आवळते ती बहुधा माप चुकल्यामुळे. घालून पोटभर श्वास घ्या, फासळ्या अडता कामा नयेत. मग पाठीचा खालचा खळगा आणि काखा चाचपा. तिथे पोकळी राहिली तर दर बुडीला गार पाणी आत-बाहेर होणार. असल्या ढगळ ७ मिमीपेक्षा अंगाला चिकटलेला ५ मिमी केव्हाही बरा.

शिसेपट्टा: वजनाचं आधी बघा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणजे निओप्रीनमधले (सूटच्या फुगीर रबरातले) बुडबुडे निम्मे. २० मीटरवर एक तृतीयांश. सूट जितका जाड तितका तो वर जास्त तरंगवतो आणि खाली तरंगणं तितकंच जास्त गमावतो. ऊबही खोलीवर कमीच होते. त्यामुळे ८ मीटरवर स्थिर पडता यावं म्हणून लावलेलं शिसं २० मीटरवरून वर येताना जिवावर उठतं. दोरीच्या दिवशी ते कमी कराच.

चाचणी अशी: पूर्ण सामानासह उभे तरंगा आणि श्वास सहज सोडून द्या. तरीही डोकं पाण्याखाली जाता कामा नये. जात असेल तर १-१ किलोने कमी करा. पट्टा रबरीच हवा, कारण सूट दबला की साधा पट्टा सैल होऊन सरकतो. तो कमरेवर नको, नितंबाच्या हाडांवर बसवा, आणि बक्कल एका ओढीत सुटणारं.

तळकरी: ओपन सेल घालताना फाटतो म्हणे?

खोलपाणी: कोरडा ओढला तर फाटणारच. बाटलीत कोमट पाणी आणि थोडा केसांचा कंडिशनर हलवून आत ओता, बाह्यांपर्यंत फिरवा. आधी पँट, मग जाकीट. चिमटीत धरून ओढू नका, नख लागलं की चीर पडते, तळहाताने सरकवा. चीर पडलीच तर सूट पूर्ण वाळवा, दोन्ही कडांना निओप्रीनच्या गोंदाचा पातळ हात द्या, हाताला चिकटेनासा झाला की दुसरा हात, आणि तोही तसाच सुकला की कडा दाबून जोडा.

शिसेपट्टा: हातमोजे ३ मिमीच ठेवा, त्याहून जाड असले की भाला सोडणाऱ्या गनचा ट्रिगर बोटाला नीट कळत नाही. पायमोजे ५ मिमी चालतील, पण फिन्सचं (पायात घालायच्या वल्ह्यांचं) माप ते घालूनच घ्या. पाऊल दाबलं गेलं तर रक्त फिरत नाही, मग मोजा कितीही जाड असो, बोटं गारठतात.