माळढोक आणि विजेच्या तारा: चकत्या लावून भागेल का?

माळरानी
गेल्या हिवाळ्यात कच्छमध्ये ६६ केव्हीच्या (६६ हजार व्होल्टच्या) लाइनखाली एक कुंज मेलेला दिसला. कुंज म्हणजे आपला कांड्या करकोचा. उजवा पंख खांद्यातून निखळलेला. पिसं कुठेही जळलेली नव्हती, म्हणजे शॉक नाही, सरळ धडक. पायांशी धुळीत अर्धगोल ओरखडे होते. पडल्यावर बराच वेळ धडपडला असणार बिचारा. तेव्हापासून माळढोकाचा विचार डोक्यातून जात नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात ८० किलोमीटर लाइनखाली वर्षात सात फेऱ्या मारल्या, २८९ मेलेले पक्षी सापडले, त्यांत माळढोकही होता. त्यावरून सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला ८४ हजार पक्षी मरतात असा अंदाज निघाला. माळढोकाच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली गेल्याच पाहिजेत. तारा पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून त्यांवर नुसत्या चमकत्या चकत्या लटकवून भागणार नाही.

टॉवरलाइन
वीज पारेषणात वीस वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. २८९ वरून ८४ हजार हा आकडा गुणाकाराचा आहे, तो मोजदाद म्हणून सांगू नका.
आता जमिनीखालचं. ११ किंवा ३३ केव्हीची केबल घाला, माझी ना नाही. पण ४०० किंवा ७६५ केव्ही म्हणजे नुसता चर खणणं नव्हे. केबल हा लांबच लांब कपॅसिटर असतो, स्वतःच वीज साठवत बसतो. अंतर वाढलं की तिचा चार्जिंग करंटच (केबल भरण्यात जाणारा) सगळी क्षमता खातो, मग तो करंट भरून काढायला मध्ये मध्ये रिअ‍ॅक्टर बसवा. वरची तार तुटली तर आमची माणसं बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत लाइन चालू करतात. केबलचा जॉइंट गेला तर दोष शोधून दुरुस्त करेपर्यंत आठवडे जातात. माळढोकाच्या पट्ट्यातल्या तारा जमिनीखाली घालण्याचा एप्रिल २०२१ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला बदलला तो उगीच नाही. जवळजवळ ९९ हजार चौरस किलोमीटरला सरसकट एकच नियम लावणं व्यवहार्य नव्हतं. राजस्थानची सौरवीज बाहेर काढायची नाही, तर कोळसाच जाळत राहायचा का?

माळरानी
गुणाकार आहे, मान्य. पण तो करावाच लागतो. रात्री पडलेला पक्षी सकाळपर्यंत कोल्ही-कुत्री ओढून नेतात, झुडपात पडलेला दिसत नाही. आणि माळढोक दीडशेच्या आत उरलेत. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. अशा पक्ष्यातली दोन-चार मोठी माणसं तारेला गेली (हो, मला ती माणसंच वाटतात) तरी ती भरून निघत नाहीत.

नान्नजकर
आमच्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळावरून माळढोक गेला, त्याचं खापर एकट्या तारांवर फोडू नका. माझ्या वडिलांनी इथे नर फुगून साद घालताना पाहिलाय. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, त्यात शेतंच काय, गावंसुद्धा आली. जमीन विकायची म्हटलं तरी अडचण. लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच अढी बसली. मग माळ नांगरले, पाणी आलं तिथे ऊस लागला. उरलेल्या गवताला पडीक समजून त्यावर झाडं लावली. गवतच नाही तर पक्षी उतरेल कुठे? तारा पुरायला निघणारा पैसा आधी गवतावर घाला.

माळरानी
दादा, गवताचं अगदी खरं. पण थरमध्ये अजून गवत आहे, पक्षी आहे, आणि तिथेच तारांचं जाळं वाढतंय. नान्नजला जे हातचं गेलं ते तिथे अजून वाचवता येतं.

टॉवरलाइन
मग डायव्हर्टर, म्हणजे त्या चकत्या, का नकोत? जगभर अनुभव आहे, धडका साधारण निम्म्यावर येतात. पक्षी वीज वाहणारी जाड फेजची तार टाळायला वर उठतो आणि सगळ्यात वरच्या बारीक अर्थवायरला (आकाशातली वीज झेलणाऱ्या तारेला) आपटतो. तिथे चकत्या लावा.

माळरानी
सरासरी निम्मी, सगळ्या पक्ष्यांची मिळून. दक्षिण आफ्रिकेत कारूच्या माळावर आठ वर्षं प्रयोग झाला. निळ्या क्रौंचांच्या धडका ९२ टक्क्यांनी घटल्या. माळढोकाच्या तिथल्या भाऊबंदांवर काहीच परिणाम दिसला नाही. या कुळाचे डोळे डोक्याच्या बाजूंना. उडताना खालचं बघायला मान जराशी झुकवली की समोरचा भाग पार आंधळा. जे दिसतच नाही ते चमकवून काय होणार? त्यात नर म्हणजे दहा-पंधरा किलोचं धूड, ऐनवेळी वळता येत नाही.

टॉवरलाइन
हे मला माहीत नव्हतं. आम्हाला चकत्यांचं अंतर सांगतात, कोणत्या पक्ष्यासाठी ते कोणी सांगत नाही. तरी ७६५ केव्ही पुरता येणार नाही, यावर मी ठाम आहे. मग एकच उरतं, ती लाइन त्या पट्ट्यातून न्यायचीच नाही. मार्गाची आखणी चालू असताना रेघ दहा किलोमीटर सरकवता येते. वळणांवरचे दोन-चार अँगल टॉवर वाढतील, खर्च वाढेल, पण होतं. पाया भरल्यावर कोणी ऐकत नाही. आखणीच्या वेळी आमच्या टेबलावर पक्ष्यांच्या येण्याजाण्याचा नकाशा मी तरी कधी पाहिला नाही.

माळरानी
माळढोकांच्या पाठीवर उपग्रह-टॅग लावून त्यांच्या वाटा नोंदवल्या आहेत. वन्यजीव संस्थेच्या अहवालात नकाशे आहेत, आज रात्री इथे टाकते. लाइनचा कुठला कॉरिडॉर त्या वाटांवरून जातो, तुम्ही बघून सांगा.

नान्नजकर
टाका, मीही बघतो. गवत कुठे शिल्लक आहे तेही त्यात दिसेल.