शब्दचर्चा : 'प्लॉट होल'ला भोक म्हणायचं, भगदाड, की आणखी काही?

हरिपूरचा पार :
मंडळी, 'प्लॉट होल'ला, म्हणजे गोष्टीत आधी सांगितलेल्याशी पुढचं जुळत नाही त्या घोळाला, एक मराठी शब्द हवाय आणि जरा लवकर हवाय. घरात त्यावरून अबोला सुरू आहे.

भाचा साताऱ्याहून सुट्टीला आलाय. रात्री जेवणं उरकली की मी आणि तो मोबाइल तांब्याला टेकवून एक अंतराळातली मालिका बघतो. नाव घेत नाही, इथं बऱ्याच जणांचे शेवटचे भाग बघायचे राहिलेत. तर तिसऱ्या भागात त्यातल्या कप्तानाला एक यंत्र मिळतं, काळ दहा मिनिटं मागं नेणारं. सहाव्या भागात ते वापरून गडी अख्खं जहाज वाचवतो. आणि काल, नवव्या भागात, सख्खी बहीण डोळ्यांदेखत जाते, तर हा नुसता ढसाढसा रडतो. यंत्र कमरेलाच! पट्ट्याला अडकवलेलं दिसतंय, त्यावरचा हिरवा दिवासुद्धा लुकलुकतोय. भाचा ताडकन उभा राहिला, "मामा, प्लॉट होल!"

आई कोपऱ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. "कशाला भोक पडलं म्हणतोय?" मी सांगितलं, गोष्टीला. तर म्हणे, "गोष्टीला कसलं रे भोक? भोक भांड्याला पडतं."

भाच्यानं लगेच 'कथाछिद्र' असा शब्द पाडला. मला हसू आलं, आणि तो रुसला. पण छिद्र म्हटलं की मला चाळणी आठवते, नाहीतर 'छिद्रान्वेषी' हा दुसऱ्याच्या उणिवा हुडकत फिरणारा प्राणी. 'कथानकातील त्रुटी' असं छापलेलं वाचलंय, पण त्रुटी म्हणजे अर्जाला दाखला जोडायचा राहिला, इतपतच. त्यात संताप नाही. रात्री साडेअकराला ताडकन उभं करणारा शब्द पाहिजे.

कंदी पेढा :
भाच्याच्या गावचा आहे, म्हणून त्याच्या बाजूनं बोलतो. शब्द आहे की, भगदाड. भोक पडतं, भगदाड पाडलं जातं. १७०० साली औरंगजेबाचा वेढा अजिंक्यताऱ्याला पडला होता. एप्रिलात मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्यानं आतली माणसं गाडली गेली, किल्लेदार प्रयागजी प्रभूंना दगडमातीखालनं जिवंत उकरून काढलं. दुसऱ्यानं मात्र बुरूज उलटा, बाहेरच्या बाजूला कोसळला, तो हल्ल्याला टपून बसलेल्या मोगलांच्याच अंगावर. या मालिकावाल्यांचं तेच झालंय. काळ मागं नेणारं यंत्र हा त्यांनीच लावलेला सुरुंग, आणि तट पडला तो त्यांच्याच डोक्यावर.

हरिपूरचा पार :
दाखला झकास आहे, पेढेसाहेब. अडचण एवढीच की भगदाड लांबनं दिसतं. प्लॉट होल पुष्कळदा दिसतच नाही. माणूस बघून होतो, झोपतो, सकाळी दात घासताना अचानक ब्रश तोंडात तसाच राहतो, "अरे, पण मग त्यानं ते यंत्र..."

भडंग :
ह्याला मराठीत आधीच म्हण आहे राव. काखेत कळसा, गावाला वळसा. यंत्र कमरेला आणि हा रडतोय. आम्ही चौघं मित्र ह्या प्रकाराला सरळ 'कळसा' म्हणतो. "काल कळसा झाला बघ" म्हटलं की समजतं.

हरिपूरचा पार :
'कळसा' आवडला. पण तो एकाच जातीला लागू होतो, म्हणजे साधन हाताशी आहे आणि पात्रांना त्याचा विसर पडलाय. ह्याचा सगळ्यात जुना नमुना मला ठाऊक आहे तो 'स्टार ट्रेक' ह्या अमेरिकन अंतराळमालिकेचा. ऑक्टोबर १९६६ मधल्या एका भागात माणसं ने-आण करणारं ट्रान्सपोर्टर यंत्र बिघडतं आणि चार माणसं खाली ग्रहावर थंडीनं गारठून मरायला टेकतात. बघणारा म्हणतो, अरे, छोटं यान पाठवा की खाली! पण गंमत अशी की ते छोटं यान मालिकेत पहिल्यांदा दिसलं नोव्हेंबर १९६६ ला. म्हणजे भाग लिहिला तेव्हा कळसा काखेत नव्हताच, तो नंतर आला. हे भोक मागाहून पडलेलं आहे, आणि तरी साठ वर्षं लोक त्या पहिल्या भागाला बोल लावतायत.

न्यूटनचा आंबा :
शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं एक गल्लत आधी काढून टाकतो. अंतराळात स्फोटाचा धडाम आवाज येतो, हे प्लॉट होल नव्हे. निर्वात पोकळीत ध्वनी जात नाही, म्हणून ती विज्ञानाची चूक, पण मालिकेनं पहिल्या भागापासून धडाम ऐकवलं असेल तर त्यांच्या जगात तो नियमच झाला. त्याला आपण 'सूट' म्हणू.

खरी भानगड स्वतःचा नियम मोडण्यात. समजा गोष्टीत सांगितलंय की साताऱ्याहून सांगलीला एसटीनंच जावं लागतं. मग उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा हे आलंच, तीन तास तरी गेलेच. आता नायक साताऱ्याच्या स्टँडवर तिकीट काढतोय आणि पुढच्या दृश्यात, त्याच वेळेला, सांगलीत भडंग खातोय (प्रतिसाद देणारे नव्हेत), तर ते चुकलं. पहिल्याच भागात त्याला पंख आहेत म्हणून सांगितलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. ह्या दोषाला तर्कशास्त्रातला 'वदतोव्याघात' चपखल बसतो. आपलंच बोलणं आपणच खोडायचं.

भडंग :
सर, वदतोव्याघात म्हणेपर्यंत पुढचा भाग सुरू होतोय.

विट्याचा माग :
मी मागावरचा माणूस, म्हणून कापडातलं सांगतो. ताणा म्हणजे उभा धागा, बाणा म्हणजे आडवा. बाण्याची चूक झाली तर कापडात आडवी खोट पडते, वीतभर, हातभर. तेवढा तुकडा काढून टाकला की बाकीचं कापड चांगलं. पण ताण्यातला एक धागा तुटला आणि कारागिराचं ध्यान गेलं नाही, तर उभी रेघ पडत जाते. माग चालू आहे तोवर ती रेघ पण चालूच. पाच मीटर, पन्नास मीटर, अख्खा तागा गेला.

मालिकेत पण हे दोनच प्रकार असतात बघा. एखाद्या भागात कप्तानाच्या कपाळावरची जखम डावीकडची उजवीकडं गेली, तर ती आडवी खोट. हसायचं आणि सोडून द्यायचं. पण काळ मागं नेता येतो हे एकदा दाखवलं आणि त्याचा धागा तुटला, तर तिथून पुढं प्रत्येक मरण खोटं वाटायला लागतं. ती उभी रेघ. तुमचा भाचा तुकड्यासाठी रुसला नाही, त्याचा तागा वाया गेलाय.

हरिपूरचा पार :
वाचून दाखवलं त्याला. अबोला निम्मा सुटला. "उभी रेघ" म्हणाला आणि ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

नायकिणीचा ओढा :
मग 'लॉस्ट' ही विमान पडून बेटावर अडकलेल्यांची मालिका कुठं बसवायची? मे २०१० मध्ये संपली, मी आजवर चिडलेली आहे.

न्यूटनचा आंबा :
ताई, ती चीड वेगळी. तिथं पुष्कळ प्रश्नांची उत्तरं दिली नाहीत किंवा थातुरमातुर दिली. उत्तर न देणं आणि आधीच्या उत्तराच्या विरुद्ध वागणं, ह्यात फरक आहे. (आणि "ते सगळे सुरुवातीपासून मेलेलेच होते" असं कुणी इथं लिहू नये. तसं त्या मालिकेत नाही, शेवटच्या भागात उलट स्पष्ट सांगितलंय.)

हरिपूरचा पार :
त्याला 'लोंबता दोरा' म्हणू. आणि लेखकानं मुद्दाम दडवून ठेवलेली असते ती 'मेख'. ती शेवटी उघड झाली की आपण खूश होतो. मेख ठोकलेली असते, भोक पडलेलं असतं. पुष्कळ चाहते भोकाला मेख समजून चार-चार वर्षं वाट बघतात, ही त्यातली खरी करुण बाजू.

आता पडलेलं भोक बुजवतात त्याला काय म्हणायचं, तेही इथंच ठरवू. माझ्या मते दोन शब्द लागतील, रफू आणि ठिगळ. आमच्या इथं एक रफूवाले आहेत. लग्नातला कोट उदबत्तीनं जळला होता तो घेऊन गेलो. त्यांनी कोटाच्याच आतल्या शिवणीतून चार धागे ओढून काढले आणि त्याच धाग्यांनी उभं-आडवं विणून भोक मिटवलं. बाहेरचा दोरा नाही. ठिगळ म्हणजे बाहेरचं कापड, वरून टाचलेलं.

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश मालिका बघा, तिचा नायक डॉक्टर मरायला टेकला की नवं शरीर घेतो. १९७६ साली त्यांनीच सांगून ठेवलं की डॉक्टरला बारा वेळाच नवं शरीर घेता येतं. तेव्हा कोणाला वाटलं होतं की मालिका तिथवर पोचेल? २०१३ ला कोटा संपला. मग त्याच्याच जातीच्या लोकांनी त्याला नव्यानं आयुष्य बहाल केलं. देणारे मूळ गोष्टीतलेच होते, मर्यादा त्यांच्याच जगातली होती. धागा आतल्या शिवणीतला, म्हणून मी त्याला रफू म्हणेन.

कंदी पेढा :
आणि 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन ह्या परग्रहवासी जमातीची कपाळं? ६०च्या दशकात पैसे नव्हते म्हणून गुळगुळीत, १९७९च्या सिनेमापासून उंचवट्यांची. १९९६ला एका भागात स्वतः क्लिंगॉन पात्रच म्हणालं की ह्या विषयावर आम्ही परक्यांशी बोलत नाही. लोक पोट धरून हसले. विषय संपला होता. पण २००५ला पुन्हा दोन भाग खर्ची घालून विषाणूचा खुलासा केला.

हरिपूरचा पार :
ठिगळ! नीट शिवलेलं असेल, पण ठिगळच. १९९६चं मला जास्त आवडतं. फाटलंय हे मान्य करून वर छानसं फूल भरलं.

नायकिणीचा ओढा :
मुख्य शब्द राहिलाच. 'विवर' का नको? जयंत नारळीकरांनी १९७४ला टोपणनावानं विज्ञानकथा स्पर्धेला गोष्ट पाठवली ती 'कृष्णविवर'च. विज्ञानकथा आणि विवर यांची सोयरीक जुनी आहे. 'कथाविवर' म्हणा, तर्क आत गेला की बाहेर येत नाही. शिवाय आपण कृष्णाकाठचे.

भडंग :
कृष्णाकाठचं कृष्णविवर. ताई, ह्यावर एक पाव किलो माझ्याकडून.

हरिपूरचा पार :
शब्द देखणा आहे, लिखाणात चालेल. बोलण्यात येईल का, शंका वाटते. मी मात्र गावचा माणूस, माझ्या मनात पहिल्यापासून 'पेव' घोळतंय. हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीखाली, तोंड एवढंसं आणि पोट हे भलंमोठं. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही खाली काय आहे. आणि पेव उघडल्या उघडल्या कोणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते, नाहीतर जीव जातो. २००५च्या पुरात पाणी शिरलं आणि त्यातली बरीच गेली. दात घासताना सापडणारं प्लॉट होल हे असंच असतं. वर बोटभर तोंड, पण खाली वाकून बघितलं की अख्खी मालिका मावते. अडचण एकच. 'पेव फुटणे' म्हणजे भाराभर होणे, हा अर्थ आधीच रुळलाय.

विट्याचा माग :
मग चांगलंच की. शेवटच्या सीझनला दोन्ही अर्थ लागतात.

हरिपूरचा पार :
ताजा कलम. काल दहावा भाग बघितला. कप्तान म्हणतो, त्या दिवशी यंत्राची बॅटरी उतरली होती. भाचा माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "ठिगळ." मी मान डोलावली. तेवढ्यात कोपऱ्यातून शेंगा फोडायचा आवाज थांबला.

"बॅटरी उतरली व्हय? मग तो हिरवा दिवा कशावर लुकलुकत होता?"