व्हिडिओ मुलाखत आहे, आवाज घुमतोय. मदत हवी आहे

उलटा_काटा
परवा व्हिडिओवर मुलाखत आहे. लॅपटॉप ठीक, नेट ठीक, पण बोललं की आवाज घुमतो. सेटिंगमध्ये जे जे दिसलं ते करून पाहिलं. "आत्मविश्वास ठेवा" छाप सल्ले कृपया नकोत, घुमणं कसं थांबवायचं तेवढं सांगा.

वायरवाला
ऐकू कोणाला येतं? बोलताना तुमचाच आवाज तुम्हाला परत येत असेल तर गडबड समोरच्याकडे आहे. त्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याचाच माईक उचलतोय. समोरच्याला स्वतःचा आवाज परत येत असेल तर गडबड तुमच्याकडे. ज्याच्याकडे गडबड त्याने हेडफोन लावायचा. वायरचा. ब्लूटूथ नको.

सायली_सांजवेळ
खिडकी पाठीमागे ठेवू नका. कॅमेरा मागच्या उजेडाला जुळवून घेतो आणि चेहरा काळाठिक्कर दिसतो. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवा, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येईल. आणि बारीक चौकटीचा शर्ट नको, पडद्यावर लहरताना दिसतो.

उलटा_काटा
शर्टाचं विचारलं नव्हतं. @वायरवाला, मला ऐकू येतो, माझाच.

वायरवाला
मग तुम्ही काही करू शकत नाही. मुलाखत घेणाऱ्यांना हेडफोन लावायला सांगा.

मठ्ठा
हो, आणि वर चहा पण मागवा त्यांच्याकडे. :)

जुना_खडू
मी पुष्कळ मुलाखती घेतल्या आहेत. आवाजापायी मी कोणालाही नाकारलेलं नाही. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मंडळी बालवाडीपासून सुरू करतात, तिथे गाडी घसरते. सध्या काय करता, आधीचं कोणतं काम या जागेशी जुळतं आणि ही जागा का हवी, एवढं पुरतं. रेझ्युमे एका पानाचा आहे ना?

निळादात
ब्लूटूथला उगाच नावं ठेवू नका. मी रोज वापरतो, कोणाची तक्रार नाही.

वायरवाला
तुम्हाला तोंडावर कोण सांगणार? ब्लूटूथचा माईक चालू झाला की बहुतेक हेडफोन हँड्सफ्री मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा पडतो. वायरला ही भानगडच नाही.

निळादात
एलई ऑडिओ हे ब्लूटूथचं नवं तंत्र आल्यापासून ते बदललंय. जरा वाचत जा.

वायरवाला
हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हींत ते असेल तर. धागाकर्त्याकडे आहे का?

मठ्ठा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

नीट_सांगा
भांडण बाजूला ठेवा. उलटा_काटा, कोणतं ॲप? आणि आवाज तपासला कसा?

उलटा_काटा
ॲप नाही, लिंक आहे. प्रश्न लिहून येतो, विचार करायला ३० सेकंद, मग २ मिनिटं आपोआप रेकॉर्ड होतं. सरावाचा एक प्रश्न दिलाय. त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं की घुमल्यासारखं वाटतं.

नीट_सांगा
अहो, म्हणजे पलीकडे माणूसच नाही! हे आधी सांगायचं ना. मग वरचं स्पीकर-माईक पुराण इथे लागूच नाही. खोली रिकामी आहे का?

उलटा_काटा
हो. नुकतंच घर बदललंय, सामान यायचंय. त्याचा काय संबंध?

नीट_सांगा
सगळा संबंध त्याचाच. उघड्या भिंती आणि फरशीवरून आवाज परततो, आणि लॅपटॉपचा माईक तोंडापासून लांब असल्यामुळे तोही टिपतो. समोरच्या भिंतीला गादी उभी करा, खाली चादर-सतरंजी जे असेल ते पसरा. ते नसेल तर कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा. माईक जितका तोंडाजवळ तितकी खोली कमी ऐकू येईल.

वायरवाला
म्हणजे वायरचा हेडफोनच. मी पहिल्या प्रतिसादात तेच सांगितलं होतं.

निळादात
कारण मात्र चुकीचं.

उलटा_काटा
गादी उभी केली. बराच फरक पडला, धन्यवाद. पण आता वेगळंच. आकडे उलटे पळायला लागले की डोकं बंद पडतं, आणि समोर कोणी मान पण डोलवत नाही.

जुना_खडू
एखादा प्रसंग, त्यात तुमची जबाबदारी, तुम्ही काय केलंत, काय निष्पन्न झालं. या चार गोष्टींचा एकेक शब्द चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा. पूर्ण वाक्यं लिहू नका, डोळे ओळीवरून सरकताना दिसतात. पूर्ण २ मिनिटं भरायचा अट्टाहास नको, दीड मिनिटात संपलं तर थांबा. पुन्हा रेकॉर्ड करता येतं का तेही सूचनांमध्ये बघून घ्या, काही ठिकाणी एकदाच संधी असते.

सायली_सांजवेळ
कॅमेरा वापरणारी बाकीची ॲपं बंद करा. नाहीतर ब्राउझरला कॅमेरा मिळत नाही आणि ऐन वेळी पडदा काळा.

नीट_सांगा
एक शंका. अशा मुलाखतीला सहसा ठरलेली वेळ नसते, मुदत असते. "परवा" कुठून आलं? मेलमध्ये वेळेपुढे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) किंवा दुसऱ्या देशाची वेळ लिहिली आहे का?

उलटा_काटा
लिहिलंय की. थांबा, हिशोब करतो.